गाळाचे प्रामाण्य

बायबलमधील जलप्रलयाचा पुरातत्त्वीय पुरावा शोधण्याच्या उद्योगाला आता दीडशे वर्षे होऊन गेली आहेत. या अवधीत पुरावा 'सापडल्या'ची वार्ता अनेकदा प्रसृत झाली आणि दर वेळी काही वर्षांतच ती मागे घ्यावी लागली, किंवा कुणी मागे न घेताच ती विरून गेली. एखाद्या शोधाला इतक्या सातत्याने अपयश येत असेल तर दोष साधनांत आहे की प्रश्नात, हे तपासणे भाग आहे. दोष प्रश्नात आहे असे माझे प्रतिपादन आहे. आणि हा प्रश्न उत्खननशास्त्रातून आलेला नसून वाचनाच्या एका विशिष्ट सवयीतून आलेला आहे, म्हणून त्याची चिकित्सा साहित्यसमीक्षेने करायला हवी. आपल्याकडील समीक्षेने ती पुरातत्त्ववेत्त्यांवर सोपवून दिली आहे, आणि पुरातत्त्ववेत्ते, त्यांचा नाइलाज म्हणून म्हणा, ती वृत्तपत्रांवर सोपवत आले आहेत.

वृत्तपत्रांचा उल्लेख सहज केलेला नाही. 3 डिसेंबर 1872 रोजी लंडनच्या बायबलविषयक पुरातत्त्व संस्थेपुढे जॉर्ज स्मिथ यांनी निनवे येथे सापडलेल्या मृत्तिकापट्ट्यांवरील प्रलयकथेविषयी निबंध वाचला. चलनी नोटांचे ठसे कोरण्याच्या धंद्यात उमेदवारी केलेला आणि जेवणाच्या सुटीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन क्यूनिफॉर्म लिपी शिकलेला हा माणूस. त्याचा निबंध ऐकायला पंतप्रधान ग्लॅडस्टन जातीने हजर होते. अशुरबनिपालच्या ग्रंथालयातील या पट्ट्या मूळ मोसुलच्या होर्मुझ्द रस्साम यांनी 1853 मध्ये जमिनीतून काढल्या होत्या, पण त्यांचे नाव अशा प्रसंगी फारसे कुणाला आठवत नाही. स्मिथ यांच्या शोधाचा अर्थ खरे तर उघड होता. नोहाची कथा ज्या रूपात उत्पत्तीच्या ग्रंथात आहे, त्या रूपाला एक पूर्वरूप होते; ती कथा सांगण्याची परंपरा इस्राएलच्या आधीची व बाहेरची होती; म्हणजेच या कथेला वाङ्मयीन इतिहास होता. लंडनच्या सुशिक्षित वर्गाने मात्र याचा अर्थ नेमका उलटा लावला: दोन ठिकाणी कथा आहे, तेव्हा प्रलय झाला असलाच पाहिजे. एका संहितेचे दुसऱ्या संहितेशी असलेले नाते संहितेच्या घटनेशी असलेल्या नात्याचा पुरावा मानण्यात आले. पुढच्या दीडशे वर्षांतील सगळा घोटाळा बीजरूपाने या एका उडीत सामावलेला आहे.

कथेचा त्रुटित भाग शोधून आणण्यासाठी 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राने एक हजार गिनी देऊ केल्या आणि स्मिथ यांना निनवेला पाठवले. ही योजना ज्यांच्या पुढाकाराने झाली ते एडविन आर्नल्ड 1850 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यात होते. ज्या पूना कॉलेजचे पुढे डेक्कन कॉलेज झाले, त्याचे ते प्राचार्य. 1873 च्या मे महिन्यात खोदकाम सुरू झाल्यापासून आठवड्याभरात स्मिथ यांना हवा तो तुकडा मिळाला. वृत्तपत्राचे काम झाले आणि मोहीम आटोपती घेण्यात आली. गंमत अशी की हा तुकडा गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या पट्टीचा नव्हताच. तो अत्रहासिस या दुसऱ्याच काव्याचा होता, हे नंतर अभ्यासकांच्या ध्यानात आले. पोकळी एका संहितेतली आणि तुकडा दुसरीचा. तरीही तो चपखल बसला असे त्या वेळी वाटले, कारण वाचणाऱ्याच्या मनात कथा आधीच पूर्ण होती.

लिओनर्ड वूली यांच्या बाबतीत हेच घडले; फक्त तुकड्याच्या जागी गाळ आला. 1922 ते 1934 या काळात ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्वेनिया विद्यापीठ यांच्या वतीने त्यांनी उर येथे केलेले उत्खनन पुरातत्त्वाच्या इतिहासातील मोठ्या कामांपैकी एक आहे, याविषयी दुमत नाही. राजदफनांच्या खाली खणत जाताना त्यांना 1928–29 च्या हंगामात मानवी वस्तीचा मागमूसही नसलेल्या स्वच्छ गाळाचा सुमारे आठ फूट जाडीचा थर लागला, आणि त्याच्या खाली पुन्हा खापरे लागली. वूलींनी स्वतःच लिहून ठेवलेली हकिगत प्रसिद्ध आहे. दोघा सहकाऱ्यांना त्यांनी या थराचा उलगडा विचारला. त्यांना तो सांगता येईना. मग पत्नी कॅथरिन आल्या, त्यांनी खड्ड्यात नजर टाकली आणि हा तर तोच प्रलय, असे सहज बोलून त्या निघून गेल्या. ही हकिगत आजवर विनोदी किस्सा म्हणून सांगितली गेली. अर्थनिर्णयनाच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले तर ती विनोदी वाटत नाही. दोन प्रशिक्षित माणसांना गाळात गाळच दिसला, म्हणून ते गप्प राहिले. ज्यांच्या बोलण्यात 'तोच' हे दर्शक विशेषण आले त्यांनी गाळ वाचला नाही. त्यांनी गाळावर लिहिले.

पुढे काय झाले? किश येथेही पुराचे थर मिळाले आणि स्टीफन लँग्डन यांनी आपला प्रलय पुढे केला. 1931 मध्ये एरिक श्मिट यांना शुरुप्पाक येथे पुराचा थर मिळाला. या थरांचा काळ जुळेना. उरचा गाळ उबैद संस्कृतीच्या काळातला, शुरुप्पाकचा ख्रिस्तपूर्व 2900 च्या आसपासचा, आणि किशचे थर तर एकाहून अधिक पुरांचे. उरपासून जेमतेम वीस किलोमीटरवर असलेल्या एरिडू येथे फुआद सफर आणि सेटन लॉइड यांनी 1940 च्या दशकात एकावर एक उभ्या राहिलेल्या देवळांची सलग मालिका उजेडात आणली, आणि तिच्यात गाळाचा असा थर नाही. जगबुडीला वीस किलोमीटर ओलांडता आले नाहीत. 1964 मध्ये मॅक्स मॅलोवन यांनी या सगळ्याचा फेरविचार केला. पूर्वी वूलींच्या हाताखाली उर येथे काम केलेले मॅलोवन उरच्या गाळाचा दावा बाजूला ठेवून शुरुप्पाक-किशच्या पुराकडे झुकले. कारण? सुमेरी परंपरेतला प्रलयवीर झिउसुद्रा हा शुरुप्पाकचा. म्हणजे गाळाची निवडही पुन्हा संहितेनेच केली. पुरावा कथेला आधार देतो आहे असे भासवत असताना प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर कथाच पुराव्याला आधार देत होती.

आता या मंडळींची खरी तटबंदी जी आहे, त्या 'गाभ्या'च्या युक्तिवादाकडे वळू. अरारातवर लाकूड शोधणाऱ्यांचा समाचार घेण्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. फर्नांड नवारा यांनी 1955 मध्ये आणलेली फळी रेडिओकार्बन परीक्षणात इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातली निघाली. नावेच्या आकाराची म्हणून गाजलेली दुरुपिनार येथील रचना भूशास्त्रज्ञांच्या मते नैसर्गिक आहे. आणि मुळात हिब्रू संहिता अरारातचे 'पर्वत' असे अनेकवचन वापरते, अरारात नावाच्या एका शिखराचे नावही घेत नाही. ज्यांना स्वतःच्या पवित्र ग्रंथातले वचनही नीट वाचायचे नाही, त्यांच्याशी वाद कसला घालणार? गाभावाद्यांचे तसे नाही. ते विद्वान आहेत, सावध आहेत आणि विद्यापीठांत आहेत. ते म्हणतात: सर्व पृथ्वी बुडाली हे खरे नाही, सर्व प्राणी नावेत मावले हेही खरे नाही, पण कथेच्या मुळाशी एखाद्या भयंकर पुराची सामूहिक स्मृती आहे, आणि तो तिचा ऐतिहासिक गाभा. वूलींचे मत याहून निराळे नव्हते. सुमारे चारशे मैल लांब आणि शंभर मैल रुंद अशा नदीखोऱ्याचा तो पूर, आणि तेथील रहिवाशांच्या लेखी तेच सारे जग, असे ते म्हणत. विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन यांनी 1997 मध्ये हाच गाभा काळ्या समुद्रात नेला. ख्रिस्तपूर्व 5600 च्या सुमारास भूमध्य समुद्राचे पाणी बॉस्फरसमधून तिथल्या गोड्या पाण्याच्या सरोवरात घुसले आणि किनाऱ्यावरचे लोक देशोधडीला लागले, असा त्यांचा सिद्धांत. पाणी खरोखर एकाएकी आले की सावकाश, आणि त्याची पातळी किती चढली, यावर भूशास्त्रज्ञांत कडाक्याचे मतभेद झाले. ते भूशास्त्रज्ञांचे काम आहे. परंतु समजा, सिद्धांत अक्षरशः खरा ठरला, तरी नोहाच्या कथेविषयी आपल्याला कोणते नवे ज्ञान झाले?

गाभा काढण्याची कृती बारकाईने पाहावी. कथेतून देवाचा निर्णय वगळायचा, कारण तो पुराव्याच्या कक्षेत येत नाही. एकट्या नीतिमान माणसाची निवड वगळायची. पशुपक्ष्यांच्या जोड्या, कावळा, कबूतर, ऑलिव्हचे पान, वेदीवरचे अर्पण, मेघातले धनुष्य हे सारे वगळायचे, आणि विश्वव्यापकता तर आधीच वगळलेली आहे. आता शिल्लक काय राहिले? नदीला पूर आला. तैग्रिस आणि युफ्रेटिसच्या खोऱ्यात पूर येत असत, हे सिद्ध करायला आठ फूट गाळाची गरज नव्हती. ते कुणीही नाकारलेले नाही. कथेचे कथापण ज्या ज्या घटकांत आहे ते सर्व टरफल म्हणून फेकून द्यायचे आणि जे कुठल्याही कथेत नसले तरी चालेल त्याला गाभा म्हणायचे, ही विचित्र उलटापालट आहे. कांद्याच्या पाकळ्या सोलत गेल्यावर आत जे हाती लागते त्याला कुणी कांदा म्हणत नाही.

बरे, पुराचा अनुभव आला की प्रलयकथा निर्माण होते, हे कार्यकारणही टिकत नाही. नाईलला दरवर्षी पूर येई. तिथल्या देवानेही माणसांवर रागावून त्यांच्या संहाराचा घाट घातला, अशी कथा इजिप्तमध्ये आहे. तिच्यात रे संहारासाठी देवीला पाठवतो आणि मग स्वतःच कळवळून शेतांवर तांबड्या रंगाच्या बिअरचा पूर सोडतो. रक्त समजून देवी ती पिते, झिंगते आणि उरलेली माणसे वाचतात. या कथेत पूर माणसांना वाचवतो. नदी आहे, पूर आहे, देवांचा कोपही आहे. अर्थ मात्र विरुद्ध टोकाचा. अनुभव कच्चा माल देत असेल, पण त्याचे काय करायचे ते कथनाची परंपरा ठरवते. जगभरच्या प्रलयकथांच्या याद्या देऊन त्यांतून 'आदिबंध' निष्पन्न करणाऱ्या आपल्या काही समीक्षकांनीही हे ध्यानी घ्यायला हरकत नाही. 1918 मध्ये अशी सर्वांत मोठी यादी करणाऱ्या फ्रेझर यांनाच आफ्रिकेत या कथांची वाण भासली होती.

येथे दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. संहितेबाहेर काहीच नाही या वचनाचा पोपटपंची वापर करणारे काही मित्र म्हणतील की हा सगळा वादच जुनाट आहे. गाळ आणि कथा दोन्ही चिन्हव्यवस्थाच. ही बेफिकिरी मला मान्य नाही. एरिडूच्या देवळांखाली गाळ नाही ही गोष्ट कुणाच्या वाचनावर अवलंबून नाही. ती तशी आहे, आणि ती तशी आहे म्हणूनच वूलींचे चुकले असे आपण म्हणू शकतो. शिवाय उत्खननाने साहित्याला दिलेले देणे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. निनवेत फावडी चालली नसती तर गिल्गमेश वाचायला मिळाला नसता, निप्पूरची सुमेरी पट्टी मिळाली नसती, आणि लॅम्बर्ट व मिलर्ड यांना 1969 मध्ये अत्रहासिसची सिद्ध संहिता वाचकांपुढे ठेवता आली नसती. प्रलयाच्या शोधात जमिनीने आपल्याला खरोखर काही दिले असेल तर ते लेखन आहे. खेद एवढाच की ज्या पट्ट्या हाती आल्या त्या वाचण्यापेक्षा जो गाळ बोलत नाही त्याला बोलते करण्यात अधिक लोकांना रस वाटला.

हा रस कुठून आला? हान्स फ्राय यांनी 1974 च्या आपल्या ग्रंथात याचे जे निदान केले ते आजही अचूक वाटते. अठराव्या शतकाच्या सुमारास बायबलचे कथन आणि कथनाचा विषय यांची फारकत झाली आणि अर्थ म्हणजे निर्दिष्ट घटना असे समीकरण रूढ झाले. श्रद्धावान म्हणाले, घटना घडली म्हणून कथा अर्थपूर्ण. चिकित्सक म्हणाले, घटना घडली नाही म्हणून कथा निरर्थक. दोघांनीही कथा वाचणे सोडून दिले. पुराव्याची मागणी धर्मनिष्ठेतून येते हा समज म्हणूनच अपुरा आहे. ती येते अर्थाच्या एका कोत्या सिद्धांतातून, आणि तो सिद्धांत नास्तिकांच्याही घरात तितकाच सुखाने नांदतो.

कथा वाचली तर काय दिसते, याचा थोडा नमुना देतो. नोहाच्या तारवाची मापे 300, 50 आणि 30 हात अशी दिलेली आहेत. पुरावाशोधक ती मापे घेऊन डोंगर धुंडाळतात. पण गिल्गमेशमधली नाव प्रत्येक बाजूस 120 हात असलेला सातमजली घन आहे. आणि अर्विंग फिंकेल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाबिलोनी पट्टीवरची नाव तर परातीसारखी वाटोळी आहे. (या वाटोळ्या नावेची लहान आवृत्ती केरळात बांधून पाण्यात सोडण्यात आली. ती तरली, पण आत पाणी शिरत राहिले.) तीन संहिता, तीन आकार, तेव्हा माप हे मोजणीचा निष्कर्ष नसून रचनेचा घटक आहे हे उघड व्हावे. हिब्रूमध्ये या नावेसाठी 'तेवा' असा शब्द आहे. हा शब्द सबंध हिब्रू बायबलमध्ये आणखी एकाच वस्तूसाठी येतो: तान्ह्या मोशेला ज्यात घालून नाईलकाठच्या लव्हाळ्यांत ठेवले ती टोपली. मराठीत एकीकडे 'तारू' म्हटले आणि दुसरीकडे 'पेटारा', की हा धागा तुटतो. हिब्रू श्रोत्याला मात्र एका शब्दात दोन बुडती जगे आणि त्यांतून वाचलेले दोन जीव एकत्र ऐकू येत. या 'तेवा'चे लाकूड अरारातवर सापडणार नाही, कारण ती तिथे कधी नव्हतीच. ती भाषेत आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कथेच्या आरंभी आणि अखेरीस आहे. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात देव पाहतो की माणसाच्या मनातला प्रत्येक विचार दुष्ट आहे, आणि म्हणून तो माणसाला नष्ट करायचे ठरवतो. आठव्या अध्यायात पाणी ओसरल्यावर, अर्पणाचा सुगंध घेऊन, तो पुन्हा असा संहार न करण्याचे ठरवतो, आणि तिथेही तेच कारण येते: माणसाच्या मनातला विचार बाळपणापासून दुष्टच आहे. संहाराचे जे कारण तेच अभयाचे कारण! मधल्या काळात सारी सृष्टी बुडाली, पण माणूस तसूभरही बदलला नाही. बदलला तो देव. अत्रहासिसमध्ये माणसांच्या गोंगाटाने देवाची झोपमोड होते म्हणून प्रलय येतो, आणि त्यानंतर देव वांझपण व बालमृत्यू यांची योजना करून माणसांची संख्या आवरतात. हिब्रू कथाकार हीच जुनी चौकट घेतो, गोंगाटाच्या जागी हिंसा आणतो आणि शेवटी बहुगुणित व्हा असा उलटा आदेश देतो. एक संहिता दुसरीशी इतक्या धीटपणे वाद घालते आहे, आणि आपण विचारतो आहोत की गाळ किती फूट होता.

हा रोग दूरदेशीचा आहे असे समजून समाधान मानता येणार नाही. आर्नल्ड ज्या संस्थेत होते तिच्याच उत्तराधिकारी डेक्कन कॉलेजने 1963 मध्ये द्वारकेला उत्खनन केले. पुढे 1980 च्या दशकात गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वतीने एस. आर. राव यांनी तिथे समुद्रतळाचा शोध घेतला. दगडी नांगर मिळाले, बांधकामांचे अवशेष मिळाले. त्यांच्या कालनिश्चितीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. हे संशोधन आपल्या जागी मोलाचे आहे. परंतु त्यातून 'महाभारत सिद्ध झाले' असा जो गजर उठला तो 1872 च्या लंडनचाच प्रतिध्वनी होता. मौसलपर्वात द्वारका बुडते ती गांधारीच्या शापाची परिणती म्हणून, यादवांनी एकमेकांना मारून टाकल्यानंतर. आणि त्याच पर्वात लाठ्या घेतलेल्या आभीरांपुढे अर्जुनाचे गांडीव निकामी ठरते. पाण्याखालची एखादी भिंत यातल्या कशाची साक्ष देणार? उद्या शतपथ ब्राह्मणातले 'मनोरवसर्पण' शोधायला कुणी हिमालयात निघाले तर नवल वाटू नये. तिथे मनूची नाव ज्या उत्तरगिरीला बांधली जाते त्या उतारालाच हे नाव आहे, आणि ती सगळी कथा सांगितली जाते ती इडा नावाच्या हविर्भागाचा उलगडा करण्यासाठी.

मराठीत नोहाची कथा फादर स्टीफन्स यांच्यामुळे आली. राचोलला 1616 मध्ये छापलेल्या, आज आपण ज्याला क्रिस्तपुराण म्हणतो त्या रचनेच्या पहिल्या पुराणात, ओवीत. स्टीफन्स यांना स्वतःला ती घटना खरी वाटत होती, यात शंका नाही. ते जेझुइट होते आणि सतराव्या शतकात लिहीत होते. पण त्यांनी ती पुराणाच्या साच्यात, श्रोत्याने प्रश्न करावा आणि पाद्रीने उत्तर द्यावे अशा संवादात ओतली, आणि त्यामुळे ती ज्या कानांवर पडली त्या कानांना प्रलय हा शब्द आधीच ठाऊक होता. तो प्रलय युगांच्या चक्रात पुन्हा पुन्हा येणारा; आणि इथे मेघांत धनुष्य ठेवून पुन्हा कधीही नाही असे वचन देणारा देव. आपल्या एम.ए.च्या वर्गांत क्रिस्तपुराणातले पोर्तुगीज शब्द मोजले जातात, आवृत्त्यांची साले पाठ करून घेतली जातात, ओवीचे लक्षण तपासले जाते. साष्टीतल्या त्या पहिल्या श्रोत्याने हे 'पुन्हा कधीही नाही' कसे ऐकले असेल, हा प्रश्न मात्र आपण परीक्षेत विचारत नाही.